न विचारलेला सातवा प्रश्न

सुवा, रविवार

प्रिय एमोसीदादा,

हे पत्र वहिनीच्या भावाबरोबर मंगळवारच्या बोटीने पाठवते आहे. पाकीट चिकटवलेलं आहे. ते वहिनीला फोडू देऊ नकोस आणि तिच्याकडून वाचूनही घेऊ नकोस. आजवर आपल्यातलं सगळं कोणाच्या तरी तोंडून गेलं. आधी आईच्या, मग वहिनीच्या, अलीकडे तुझ्या लेकीच्या, तोरिकाच्या. चौतीस वर्षं. एवढं एक थेट जाऊ दे. बहिणीने भावाला असं लिहिणं आपल्यात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. रीत बोलण्याबद्दल आहे, लिहिण्याबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही, असं मी आठवडाभर स्वतःला समजावते आहे. ती पळवाट आहे हेही कळतं. पळवाटांविषयीच मला लिहायचं आहे.

वहिनीचा निरोप मिळाला. गुरुवारी बोट परत फिरेल तेव्हा तू तिच्यावर असशील, बाबांचा तांबुआ घेऊन. हॉस्पिटलच्या लोकांपुढे आणि आमच्या प्रयोगशाळेच्या दारात खाली बसून, देवमाशाचा तो दात दोन्ही हातांत धरून तू क्षमा मागणार आहेस, की आमच्या घराने औषधाची गोष्ट दडवली आणि म्हणून तोरिकाचं बाळ गेलं. बरोबर दोन्ही काका येणार, चटया येणार. वहिनी फोनवर म्हणाली, "वन्सं, आठ दिवस झाले, ह्यांचं जेवणात लक्ष नाही. तांबुआला तेल लावत बसतात नुसते. मी म्हटलं, मलाही लावा थोडं, मीही जुनीच आहे, तर हसलेसुद्धा नाहीत." दादा, येऊ नकोस. निदान हे पत्र वाचून संपेपर्यंत कोणाला बोटीवर जागा धरायला सांगू नकोस. एकदा तांबुआ पुढे केलास आणि समोरच्याने तो हातात घेतला, की ती चूक कायमची तुझी होईल. मग मला ती परत मागता येणार नाही.

आपलं बोलणं थांबलं तो दिवस तुला आठवतो का, हे मला कधी विचारता आलं नाही. ओहोटी होती. तू चौदाचा, मी बाराची. खडकाच्या फटीत ऑक्टोपस होता आणि तू हात घालायला कचरत होतास. मी म्हणाले, "भित्रा कुठला!" आणि स्वतः हात घालून तो बाहेर ओढला. संध्याकाळी आईने चुलीपाशी बसवून सांगितलं, "आजपासून दादाशी बोलायचं नाही. मोठी झालीस." मी विचारलं, कधीपर्यंत? आई नुसती हसली. म्हणजे मी तुझ्याशी बोललेला शेवटचा शब्द 'भित्रा' हा आहे. त्यानंतर माझ्यासाठी असं तुझं खोकणं तेवढं ऐकू येत राहिलं. घरात शिरण्याआधी तू दाराबाहेर खोकायचास, म्हणजे मी उठून मागच्या दाराने जावं. पंधराव्या वर्षी मी सुवाला शिकायला निघाले तेव्हा माझी पेटी तूच खांद्यावरून बोटीपर्यंत आणलीस, माझ्या दहा पावलं मागून चालत. मी वळून पाहिलं नाही. पेटी उघडली तर वर केळीच्या पानात बांधलेला भाजलेला ऑक्टोपस होता. माझी समजूत अशी आहे की ते तुझं उत्तर होतं. पण समजूतच. विचारलेलं नाही.

आता मुद्द्याकडे येते. एकोणीस वर्षांपूर्वी मी गावात आले ती डबे घेऊन. सत्तावीस वर्षांची, नुकती प्रयोगशाळेत लागलेली. ब्रिस्बेनहून आलेल्या आमच्या मोठ्या बाईंना बेटांवरच्या लोकांच्या पोटातले भले जंतू हवे होते. बाळाच्या आतड्यात जे सगळ्यांत आधी घर करतात, दूध पचवतात, वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत, ते. शहरांतून जंतू मारणाऱ्या औषधांच्या माऱ्याने ते विरळ होत चालले आहेत. जिथे औषध फारसं पोचलं नाही तिथे ते पूर्वीसारखे सापडतील, असा बाईंचा विश्वास होता. त्यासाठी शी हवी होती. सभागृहात मी रीतीप्रमाणे यांगोनाची मुळं पुढे ठेवून परवानगी मागितली तेव्हा गावप्रमुख म्हणाले, "आजवर सुवाहून कोणी मतं मागायला आलं, कोणी मासे. हे मागायला पहिल्यांदाच आलं. द्या रे पोरीला, यात आपण गरीब नाही." लोक हसून लोळले. वहिनी तर गावभर सांगत फिरली, "आमच्या वन्सं एवढं शिकल्या त्या माझ्या पोरीचं ढुंगण पुसायला. मग रोज सकाळी या की!" मीही हसले. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे, 'सगळं सहज जमलं.' काल ती वही काढून पाहिली.

सहज जमलं नव्हतं. प्रत्येक डब्याबरोबर एक फॉर्म होता, त्यात बारा प्रश्न होते. घरात किती माणसं, पाणी कुठलं, बाळ अंगावर पितं का, कोंबड्या घरात येतात का. आणि सातवा औषधाचा. गावातल्या अकरा घरांत कर्ता पुरुष माझा भाऊ लागतो. सख्खा तू एकटा, बाकीचे चुलत, पण आपल्यात सगळे भाऊच. त्यांच्याशी मी बोलू शकत नाही, आणि बोलता आलं असतं तरी शीची गोष्ट काढणं म्हणजे हद्द झाली असती. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी 'स्थानिक मुलगी' म्हणून मला मुद्दाम त्याच गावात पाठवलं होतं. गावातली म्हणून लोक माझ्यापाशी मोकळे होतील, असं त्यांना वाटलं. परका कोणी आला असता तर त्याने बिनदिक्कत विचारलं असतं. मी कोणत्या घरात विचारू शकणार नाही हे बाईंना सांगायला हवं होतं. पहिलीच नोकरी होती. मी सांगितलं नाही.

तुझ्या घरी मी शेवटी आले. तू आधीच बाहेर पायरीवर जाऊन बसला होतास, खवणीवर नारळ खवत, पाठ घराकडे करून. आत मी, वहिनी आणि मांडीवर पाच महिन्यांची तोरिका. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं वहिनीने चेष्टा करत दिली. सातवा वाचला तेव्हा ती म्हणाली, "औषधांचा डबा ह्यांच्या ताब्यात. मला त्यातलं काय कळतं? ह्यांना विचारा, नाहीतर मी विचारू?" तेवढ्यात तोरिका रडायला लागली आणि वहिनी तिला पाजायला पडद्याआड गेली. बाहेर खवण्याचा आवाज थांबला. दादा, तो थांबला हे मला स्पष्ट ऐकू आलं. तू प्रश्न ऐकला होतास आणि वाट पाहत होतास. कोणी येऊन विचारेल, मग मी सांगेन, म्हणून. मी गप्प राहिले. वहिनी बाहेर आली तेव्हा आठवा प्रश्न वाचला. जरा वेळाने खवणी पुन्हा सुरू झाली. बोटीवर बसल्यावर मी सातव्या प्रश्नापुढच्या 'नाही' या चौकोनात खूण केली. उरलेल्या दहा घरांच्या फॉर्मवरही तीच, एका बैठकीत, एकाच पेनाने.

इतकी वर्षं मी म्हणत आले की रीत आड आली. ते खरं नाही. वहिनी विचारायला तयार होती, ती दूध पाजून होईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं होतं. मी थांबले नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती होती. त्याच्या चार महिने आधी मी याच नोकरीत सोलोमन बेटांवर काम करून आले होते. तिथे हिवताप येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या, पोटातले जंतूही मारणाऱ्या हिरव्या कॅप्सूल दिलेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच उरल्या होत्या. सुट्टीत मी गावी आले तेव्हा वहिनीने तुझ्या नावाने त्या मागितल्या, "ह्यांना हव्यात, तुमच्याकडचं औषध चांगलं असतं म्हणाले." आपल्यात नातेवाइकाने मागितल्यावर नाही म्हणत नाहीत, आणि कशासाठी असं उलट विचारणं तर त्याहून वाईट. भावाने मागितलेलं. मी सगळा डबा देऊन टाकला. तुझ्या पायाला तेव्हा प्रवाळ लागून जखम झाली होती, ती चिघळली होती. कॅप्सूल त्या जखमेसाठीच असणार, असं मी ठरवून टाकलं. पण त्याच महिन्यात आईने सांगितलं होतं की तोरिकाचं पोट बिघडलं होतं आणि मग 'आपोआप' थांबलं. या दोन गोष्टी मी डायरीत वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या आहेत. त्या एकमेकींशेजारी आणून पाहिल्या नाहीत.

पुढे काय झालं ते तुला तुझ्या शेतावरून सांगते, म्हणजे समजेल. तुझ्या दालोच्या शेतात चौदा जाती आहेत. सुवाचा माणूस बघेल तर म्हणेल, सगळी एकसारखीच अळूची पानं. तू देठाचा रंग बघून, कंद खाजरा की गोड, पाणी मागणारा की कोरडा, सगळं सांगशील. सामोआत लोकांनी एकच जात लावली होती, करपा आला आणि एका वर्षात सगळं गेलं, हे तूच सभागृहात सांगत होतास आणि मी पडद्यामागून ऐकत होते. जंतूंचंही असंच आहे. तोरिकाच्या डब्यातून काचेच्या बशीवर जंतूंच्या वसाहतींचे चाळीस ठिपके उगवले, सगळे गोल, पांढरे, जुळे वाटावेत असे. बाई आनंदाने नाचायच्या बाकी होत्या. दूध पचवण्यात इतका तरबेज जंतू त्यांनी पाहिला नव्हता. आमच्याकडे नियम होता, औषध घेतलेल्या घरचा नमुना असेल तर वीस ठिपके वेगवेगळे काढून आतून तपासायचे. औषध न घेतलेल्या घरचा असेल तर एक पुरे. फॉर्मवर 'नाही' होतं. एकच तपासला. तो निर्मळ निघाला. पुढे वाढवायला साठवले मात्र बशीतले सगळे ठिपके मिळून.

त्या बशीत एकाच जातीची दोन भावंडं होती. दिसायला एक, आतून दोन. एकाजवळ एक गाठोडं होतं. औषधाला दाद न देण्याची युक्ती जंतू अशा गाठोड्यात बांधून ठेवतात आणि शेजाऱ्याने मागितली तर देऊन टाकतात. आपल्यासारखंच, कशाला हवं म्हणून विचारत नाहीत. त्या गाठोड्यात एका नव्हे, तीन औषधांवरचा उतारा होता. गेल्या महिन्यात मी गोठवून ठेवलेली जुनी कुपी काढली आणि वीस ठिपके तपासले. एकोणीस वर्षांपूर्वी करायचं काम चार दिवसांत झालं. वीसपैकी सहांकडे गाठोडं निघालं.

तोरिकाचं बाळ अठ्ठावीस आठवड्यांचं जन्मलं तेव्हा सगळ्यांत आधी मीच म्हणाले, देऊ या. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांना आईच्या दुधातून हे भले जंतू देऊन पाहायचं काम सुवाच्या हॉस्पिटलात, बाळ होतं त्याच विभागात नुकतं सुरू झालं होतं, तोरिकाच्या डब्यातूनच वाढवलेले. तोरिका काचेच्या पेटीजवळ उभी होती, पेटीच्या भोकातून एक बोट बाळाच्या तळव्याला लावून. मी तिला म्हणाले, "अगं, तुझंच आहे ते. तुझ्याकडून घेतलं, तुझ्या लेकीला देतोय." ती किती खूश झाली. तिने गावात फोन करून सांगितलं, तू सभागृहात यांगोना घोळून सगळ्यांना प्यायला दिलास, हेही मला कळलं. बाळाला नाव माझं दिलं. अकराव्या दिवशी ताप आला. बाळाची आतडी अजून कच्ची होती, भला जंतू आतड्यात राहायचा तो रक्तात उतरला. असं क्वचित होतं, आणि होतं तेव्हा एरवी साधं औषध पुरतं. डॉक्टरांनी साधं औषध दिलं, कारण कागदावर ते चालणार असं लिहिलं होतं. दोन दिवस वाट पाहण्यात गेले. मग बदललं. सतराव्या दिवशी सकाळी, नर्स पेट्या पुसत होत्या तेव्हा, ती गेली. तोरिका रडली नाही. मला म्हणाली, "आत्या, ते माझंच होतं ना?" मी म्हणाले, हो.

बाळाला गावात आणलं तेव्हा मीही बोटीवर होते. घरात चटईवर बायका बसल्या होत्या, मधे ते एवढंसं गाठोडं मासीच्या, झाडाच्या सालीच्या कापडात. तू दाराबाहेर खोकलास. मी उठले आणि मागच्या दाराने निघून गेले. सवय. परसात उभी राहून मी तुझा रडण्याचा आवाज ऐकला, तोही चौतीस वर्षांत पहिल्यांदा. कबरीवरच्या लाकडी पाटीवर तू माझं नाव कोरलंस. मी ते वाचून बोटीवर चढले.

नंतर हॉस्पिटलकडून चौकशीचे दोघे गावात आले. त्यांचा अहवाल मी वाचला आहे. त्यात लिहिलं आहे की बाळाच्या आजोबांनी औषध दिल्याचं मान्य केलं आणि त्या वेळी माहिती दडवली गेली. मी वहिनीला खोदून विचारलं, नक्की काय झालं? ती म्हणाली, "अहो वन्सं, सुटाबुटातली माणसं, घामाने भिजलेली, चार तास बोटीत उलट्या करून आलेली. त्यांनी विचारलं, 'तुम्ही औषध दिलं होतं ना?' ह्यांनी म्हटलं, 'हो.' त्यांनी विचारलं, 'आणि सांगितलं नव्हतं ना?' हे म्हणाले, 'हो.' मग मी त्यांना जेवायला वाढलं." दादा, ते हो कशाचं होतं? पाहुणा दमून आला की त्याला जे ऐकायचं असतं ते आपण त्याच्या हातात देतो, ताटात वाढल्यासारखं. मी त्याच गावची आहे. तुझं 'हो' म्हणजे 'दिलं' असेल, किंवा 'बसा, पाणी घ्या' असेल. पण कागदावर ते कबुली झालं. पहिलं 'नाही' तुझं नव्हतं. आता मला वाटतं, हे 'हो'सुद्धा तुझं नसेल.

अहवाल आला त्या दिवशी चहाच्या वेळी आमच्याकडचा एक जण म्हणाला, "बेटांवरची माणसं अशीच. तोंडावर गोड, खरं कधी सांगणार नाहीत. यापुढे त्यांच्या फॉर्मवर विश्वास ठेवायचा नाही." दुसरा म्हणाला, "लाइसानी, तू सोडून हं." सगळे हसले. मी कपात बघत राहिले. बिस्किट चहात विरघळून तळाला बसलं, तेही बघत राहिले. ते हसले त्यात मीही थोडी हसले असेन, मला खात्री देता येत नाही. त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला, तांबुआचा.

म्हणून शुक्रवारी मी प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांना लेखी दिलं. सातवा प्रश्न एमोसीला विचारला गेला नाही, 'नाही' ही खूण माझी आहे, बाकीच्या दहा घरांच्या फॉर्मवरचीही माझीच आहे, आणि त्या घरांतले जे जंतू आमच्याकडे आहेत ते सगळे पुन्हा तपासल्याशिवाय कुठल्याही बाळाच्या तोंडाला लावू नयेत. कॅप्सूलचंही लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला. "हे आत्ता लिहायची गरज होती का?" असं म्हणाले. नोकरीचं काय होईल ते पुढच्या शुक्रवारी कळेल. त्याची मला धास्ती वाटायला हवी, तेवढी वाटत नाही. धास्ती एकाच गोष्टीची आहे, की तू माझ्या आधी पोचशील आणि खाली बसशील.

माफी या पत्रातून मागत नाही. ती कागदावर मागायची नसते. शुक्रवार झाला की त्यापुढच्या मंगळवारच्या बोटीने मी येते. आईकडच्या मामांना सांगितलं आहे, त्यांचा तांबुआ ते आणतील, आणि तुझ्या व तोरिकाच्या पुढे, दाराशी, सगळ्यांत खालच्या जागी मी बसेन. तू तो घ्यावास असं मी म्हणणार नाही. तो घेऊ नये असंही तोरिकाला वाटू शकतं.

हे पत्र मात्र वेगळ्या कामाला लिहिलं. तो फॉर्म माझ्यासमोर आहे, कडा पिवळ्या झाल्या आहेत, एका कोपऱ्यावर खोबऱ्याच्या तेलाचं बोट उमटलं आहे, बहुधा वहिनीचं. तुला कोणीच विचारलं नाही. मी घाबरले म्हणून विचारलं नाही आणि चौकशीवाल्यांनी उत्तर आधीच बरोबर आणलं होतं. गाठोडं औषधाशिवायही येऊ शकतं, कोंबड्यांकडून, पाण्यातून, बोटीवरच्या कोणा पाहुण्याकडून. म्हणजे मला खरंच ठाऊक नाही, दादा. तर एकोणीस वर्षं उशिरा, जसा छापला होता तसा, सातवा प्रश्न: गेल्या सहा महिन्यांत घरातल्या कोणी, विशेषतः बाळाने, जंतूंवरचं औषध घेतलं का? घेतलं असल्यास कोणतं, किती दिवस? 'हो' असेल तर हो, 'नाही' असेल तर नाही. 'आठवत नाही' असेल तर त्यालाही फॉर्मवर चौकोन आहे. मी पाहुणी नाही, मला बरं वाटेल असं काही सांगू नकोस. त्या हिरव्या कॅप्सूल पायाच्या जखमेला लागल्या असतील तर मला सुटका मिळेल, हे लक्षात ठेवून तर मुळीच सांगू नकोस. लिहून पाठवायचं नसेल तर मी येईपर्यंत ठेव. या वेळी दाराबाहेर मी खोकेन. तू उठून जाऊ नकोस.

तुझीच,
लाइसानी